प्रॅक्टिसमध्ये भारी खेळते, मॅचमध्ये गळपटते : टेन्शन खेळाडूच्या अंगात नक्की काय करतं

"प्रॅक्टिसमध्ये एवढी मस्त खेळते हो, मॅचला काय होतं तिला तेच कळत नाही." ठाण्यातल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलच्या गॅलरीत थोडा वेळ बसलात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. दादोजी कोंडदेव स्टेडियमला ॲथलेटिक्सच्या पोरांचे आईवडील असोत नाहीतर कळव्याला कबड्डी बघायला जमलेली काकामंडळी, सगळीकडे हीच तक्रार, आणि उत्तरही ठरलेलं, टेन्शन घेते ती फार. मग मुलीला सल्ला दिला जातो की टेन्शन घेऊ नकोस. पण टेन्शन तिने ठरवून घेतलेलं नसतं ना, त्यामुळे घेऊ नको म्हटल्याने ते जातही नाही, उलट आता टेन्शन आलंय याचंच वेगळं टेन्शन येतं.

मी कोच नाही, पण मुलांच्या मॅचेसना बरीच वर्षं जातेय आणि या विषयावर जे मिळेल ते वाचत आलेय. त्यातून एक गोष्ट मला इतकी पटलीय की ती प्रत्येक पालकाला सांगावीशी वाटते. छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, हाताला घाम सुटलाय, याने खेळ सहसा बिघडत नाही. बिघडतो तो त्या वेळी लक्ष कुठे जातं त्यामुळे. आणि याच्या जोडीला आणखी एक टेन्शन असतं जे मॅचच्या दिवशी दिसतच नाही, ते महिनोन्महिने आत साचतं आणि मग स्नायू ताणला गेला, घोटा मुरगळला, ताप आला असं काहीतरी होऊन बाहेर पडतं. दोन्ही वेगळी आहेत, दोन्हींवरचे उपायही वेगळे.

आधी अंगात काय होतं ते बघू. मॅच जवळ आली की मेंदूला कळतं इथे काहीतरी पणाला लागलंय. मेंदूच्या आत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा छोटा भाग असतो, तो धोक्याची खबर मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या भागाला देतो आणि तिथून मज्जातंतूंमधून निरोप जातो तो थेट किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत. काही सेकंदांत ॲड्रेनलिन नावाचं हार्मोन रक्तात उतरतं. मग हृदय जोरात चालायला लागतं, श्वासाच्या नळ्या रुंदावतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि पोटाकडचं रक्त हातापायाच्या स्नायूंकडे वळतं. पोटात कालवाकालव होते ती यामुळेच, तोंडाला कोरड पडते ती यामुळेच, आणि नाव पुकारायच्या आधी पोरं तीन-तीनदा बाथरूमला पळतात तेही यामुळेच. याच्या मागून दुसरी साखळी हळूहळू चालू होते, हायपोथॅलॅमस, मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, मग परत ॲड्रिनल, आणि तिथून निघतं कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन. हे ॲड्रेनलिनसारखं झटपट चढत नाही, टेन्शन सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याचं प्रमाण शिगेला पोचतं आणि उतरायलाही वेळ घेतं.

आता ही यादी परत वाचा. जास्त ऑक्सिजन, जास्त साखर, स्नायूंना जास्त रक्त. शंभर मीटर धावणाऱ्या पोराला याहून काय हवं? शरीर त्याला मदतच करतंय. म्हणून ज्या मुलाला मॅचआधी अजिबात काही होत नाही, एकदम थंड, त्याचाही खेळ बऱ्याचदा फुसका होतो.

पण प्रत्येक खेळाला एवढी ताकद नको असते, आणि इथे बॅडमिंटनची एक साधी शॉर्ट सर्व्हिस जवळून बघण्यासारखी आहे. जिल्ह्याच्या एका स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलींची मॅच चालली होती, तिसरा गेम, १९-१९. सर्व्हिस करणारी मुलगी बॅकहँडने सर्व्हिस करत होती. या सर्व्हिसला शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असतानाच मारावं लागतं आणि ते नेटच्या पट्टीला जवळजवळ घासून पलीकडे पडायला हवं, म्हणजे खांदा नाही, मनगटसुद्धा फार नाही, सगळा खेळ अंगठ्याचा आणि बोटांचा. पहिल्या गेममध्ये तिची बोटं ग्रिपवर सैल होती, रॅकेट जणू नुसती टेकवलेली. १९-१९ला तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली गॅलरीतून दिसत होती. शटल नेटमध्ये. ती रॅकेटकडे बघते, मग वर गॅलरीत आईकडे बघते, मग परत रॅकेटकडे.

तेवढ्यात काय झालं? आपण हात हलवतो तेव्हा एक स्नायू ओढतो आणि त्याच्या समोरचा स्नायू सैल पडतो, तेव्हा कुठे ती हालचाल गुळगुळीत होते. टेन्शनमध्ये दोन्ही एकाच वेळी आवळले जातात. हात थांबत नाही पण अडखळतो, बोटातलं ते बारीक 'कळणं' जातं, आणि नेटच्या वरून जाणारं शटल दोन बोटं खाली जातं. धावताना याने थोडी दमछाक वाढेल इतकंच, पण सर्व्हिस, गोल्फचा पुट, बास्केटबॉलचा फ्री थ्रो, नेमबाजी, असल्या बारीक कामांत दोन बोटं म्हणजे पॉइंट गेला.

श्वासाचंही असंच. घाबरलं की श्वास वरच्यावर आणि भराभर होतो, गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं वाटतं. मुलाला हे माहीत नसतं, त्याला वाटतं आपल्याला काहीतरी व्हायला लागलंय, आणि तो अजून घाबरतो. कबड्डीत तर हे उघडच पडतं, कारण चढाईला दम धरून कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं, श्वास आखूड झालेल्या पोराचा दम मध्येच तुटतो आणि पंच त्याला बाद देतात, कोणी हात न लावताच.

१९०८ साली रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला होता. पांढरी पेटी आणि काळी पेटी, चुकीच्या पेटीत गेलं की विजेचा झटका. झटका अगदी कमी असला तर उंदीर हळू शिकायचे, आणि काम अवघड असताना झटका फार जोराचा असला तरीही हळू शिकायचे, मधल्या झटक्याला सगळ्यात छान. खेळाच्या मानसशास्त्रात हे इतकं वापरलं गेलं की आता प्रत्येक कोचिंगच्या कोर्समध्ये ती उलट्या यू अक्षराची आकृती असते, टेन्शन थोडं वाढलं की खेळ वर, खूप वाढलं की खाली. पण त्या प्रयोगातला जो भाग लोक विसरतात तोच मला जास्त कामाचा वाटतो. दोन पेट्यांमधला फरक ओळखणं सोपं होतं तेव्हा जोराच्या झटक्यानेही उंदीर चांगलेच शिकले, फरक ओळखणं अवघड केलं तेव्हाच जोराचा झटका घातक ठरला. प्रयोग उंदरांचा, तोही शिकण्याचा, तो जसाच्या तसा खेळाला लावता येणार नाही हे मान्य, पण अंदाज येतो. वेटलिफ्टरला जेवढं चेतणं लागतं तेवढं तिरंदाजाला चालत नाही, आणि एकाच मुलीला स्मॅश मारताना जे टेन्शन मदत करतं तेच सर्व्हिस करताना नडतं.

तिरंदाजीचं तर मोजून दाखवलंय. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजाच्या हृदयाचे ठोके टीव्हीच्या स्क्रीनवर दिसत होते, अंगाला काही न लावता, फक्त कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या रंगातले बारीक बदल टिपून. नंतर संशोधकांनी ते आकडे आणि प्रत्येक बाणाचा स्कोअर जुळवून बघितला तर ठोके जास्त तेव्हा स्कोअर कमी असाच कल निघाला. म्हणजे धडधड अगदीच निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही, बारीक कामात ती नडते. पण बॅडमिंटन, कबड्डी, खो-खो, फुटबॉल, क्रिकेट, आपली पोरं जे खेळतात त्यात नुसत्या धडधडीने एवढी पडझड होत नाही. ती होते डोक्यात.

डोक्यात दोन प्रकारे घोळ होतो आणि दोन्ही एकमेकांच्या उलटे आहेत, म्हणून नीट वाचा.

पहिला घोळ म्हणजे लक्ष बाहेर पळतं. हरलो तर बाबा काय म्हणतील, सिलेक्शन होईल का, ग्रेस मार्क मिळतील का, ती बघ क्लासमधली मुलगी आलीय बघायला. आपल्या डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवायची जागा असते आणि काळजी त्यातली बरीच जागा खाऊन टाकते, मग समोरची मुलगी बॅकहँडला कच्ची आहे हे दुसऱ्या गेमपर्यंत नीट आठवत होतं ते तिसऱ्यात आठवतच नाही. शिवाय घाबरलेल्या माणसाची नजर धोक्यावर चिकटते. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी फुटबॉलपटूंना डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावून पेनल्टी मारायला लावल्या. टेन्शन वाढवलं तसे खेळाडू गोलकीपरकडे लवकर आणि जास्त वेळ बघायला लागले, आणि चेंडूही गोलकीपरच्या जवळ जायला लागला. कोपरा मोकळा होता, पण नजर जिथे तिथेच पाय.

दुसरा घोळ जास्त वाईट, कारण तो मेहनती मुलांनाच होतो. लक्ष आत वळतं, स्वतःच्या हातापायांवर. एखादी बाई तीस वर्षं भाकरी थापतेय, तिला म्हणा की जरा बोटं कशी फिरवतेस ते बघत बघत थाप, लगेच भाकरी फाटते. जे काम सवयीने हाताला सोपवलेलं असतं ते परत डोक्याने तुकड्या-तुकड्यात करायला घेतलं की त्याची लय जाते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सायन बेलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हे सॉकरच्या खेळाडूंवर छान दाखवलं. मुरलेल्या खेळाडूंना चेंडू पायाने नेताना पायाचा कोणता भाग चेंडूला लागतोय याच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं की त्यांचा वेग कमी व्हायचा, आणि लक्ष भलत्याच कामात गुंतवलं की ते मस्त खेळायचे. पण त्याच खेळाडूंना कच्च्या पायाने चेंडू न्यायला लावला तेव्हा उलटं झालं, तिथे लक्ष दिल्याने फायदा झाला. म्हणजे नवशिक्या मुलाला "कोपर वर, पाय पुढे" सांगणं बरोबर, पण सहा वर्षं खेळणाऱ्या मुलीला १९-१९ला बाहेरून "मनगट! मनगट बघ!" ओरडणं म्हणजे तिचा पॉइंट आपणच घालवणं.

१९९३ची विम्बल्डन महिलांची फायनल बघितली असेल तर याना नोवोत्ना आठवेल. स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ने पुढे, स्वतःची सर्व्हिस, ५-१ होण्यासाठी एक पॉइंट हवा, आणि तिथे डबल फॉल्ट. त्यानंतर सगळंच निसटलं, सेट ६-४ने ग्राफचा, आणि बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. इतकी वर्षं मारलेली सर्व्हिस हात एका मिनिटात विसरत नाही, हाताला त्याचं काम करू दिलं जात नाही. तीच नोवोत्ना १९९८ला विम्बल्डन जिंकली हेही सांगायलाच हवं, कारण एकदा गळपटलेला खेळाडू कायमचा तसाच असतो असं आपल्याकडे पटकन ठरवून टाकतात आणि हे अगदी चूक आहे.

अजून एक, "नेटमध्ये मारू नकोस" हे वाक्य. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना गोल्फचा चेंडू ढकलायला लावला होता, सूचना दिली की खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि त्याच वेळी डोक्यात एक आकडा लक्षात ठेवायला सांगितला. चेंडू नेमका पुढेच जास्त गेला. डोकं मोकळं असतं तेव्हा 'नको' पाळता येतं, डोक्यावर ओझं असलं की नको म्हटलेली गोष्टच पुढे येते, आणि मॅचमध्ये डोक्यावर ओझं असतंच. त्यामुळे बाहेरून सांगायचंच असेल तर कुठे मारायचं ते सांगा, कुठे नको ते नाही.

आता नवी मुंबईतलीच गोष्ट, आणि ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलीय. ३० ऑक्टोबर २०२५, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, आणि महिलांच्या वनडेत तोपर्यंत एवढा मोठा पाठलाग कोणी केलेला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्सला त्या स्पर्धेत दोनदा शून्यावर बाद व्हावं लागलं होतं, एका मॅचला तर टीममधून वगळलंही होतं, आणि त्या दिवशी तिसऱ्या नंबरला जायचंय हे तिला आयत्या वेळी कळलं. ती नाबाद १२७ करून परतली, भारत फायनलला गेला आणि २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर वर्ल्ड कप जिंकला. सेमीफायनलनंतर पत्रकारांसमोर ती मोकळेपणाने बोलली की स्पर्धेच्या सुरुवातीला तिला खूप अँग्झायटी होती, मॅचच्या आधी आईला फोन करून ती नुसती रडायची. मला त्या इनिंगइतकंच हे बोलणं मोठं वाटतं. टेन्शन असताना तिने ते केलं, टेन्शन संपल्यावर नाही, आणि आधी ते कोणाला तरी सांगून केलं. ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी पोरींनी ते ऐकलं असेल.

आता दुसऱ्या प्रकारच्या टेन्शनबद्दल, जे मॅचच्या दिवसाचं नसतं. याच्याकडे आपल्याकडे कोणी बघतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

शाळेत खेळणाऱ्या मुलाचा दिवस बघा. पहाटे साडेपाचची प्रॅक्टिस, मग शाळा, मग क्लास, मग परत प्रॅक्टिस, रात्री गृहपाठ. दिव्याहून किंवा कळव्याहून येणारं पोर असेल तर मध्ये लोकलची गर्दी, ऐरोली-कोपरखैरणेवरून ठाण्याला येणाऱ्याला ट्रान्स हार्बरची धावपळ, खांद्यावर किटबॅग. पावसाळा संपता संपता शालेय स्पर्धा आणि सहामाही परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात. त्यात घरी पैशाची ओढाताण असेल, आईबाबांचं पटत नसेल, कोच सारखा चारचौघांत बोलत असेल. यातलं काहीच मैदानावर घडत नाही, तरी कॉर्टिसॉलला हे वेगळं कळत नाही, त्याच्यासाठी गणिताचा पेपर आणि जिल्ह्याची फायनल सारखीच.

कॉर्टिसॉल थोडा वेळ वाढलेलं चांगलं असतं पण ते सतत वर राहिलं की झोप विस्कटते, सर्दी-तापाशी लढायची ताकद कमी होते, आणि व्यायामाने स्नायूला ज्या बारीक इजा होतात त्या भरून यायला जास्त वेळ लागतो. टेक्सासमधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांकडून पायांचा जोरदार व्यायाम करून घेतला आणि नंतर त्यांची ताकद परत कधी येते ते मोजलं. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त होता त्यांना सावरायला जास्त वेळ लागला. व्यायाम तोच, प्रोटीनचा डबा तोच, तरी अंग मागे पडतं.

आणि दुखापती. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा पूर्ण सीझनचा अभ्यास झालाय, त्यात परीक्षेच्या आठवड्यांमध्ये साध्या आठवड्यांपेक्षा दुखापती स्पष्टपणे जास्त निघाल्या. याचं एक कारण असं की ताणात स्नायू आधीच आवळलेले असतात. दुसरं कारण म्हणजे डोळ्याच्या कडेने दिसणारं कमी होतं, नजरेचा घेर आकसतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला कोपरारक्षक डोळ्याच्या कडेनेच दिसतो, तो अर्धा सेकंद उशिरा दिसला की घोट्याला पकड बसते आणि शरीर एकीकडे, पाय एकीकडे. म्हणून सहामाहीच्या आठवड्यात कोचने मुलांना अजून पिळायचं की थोडं हलकं सोडायचं हा दयामायेचा प्रश्न नाही, सरळ हिशोबाचा आहे. माझं मत स्पष्ट आहे, हलकं सोडा, वेळ कमी करा, प्रॅक्टिस बंद करू नका कारण खेळणं हेच बऱ्याच मुलांचं त्या दिवसातलं एकमेव मोकळं होणं असतं.

मॅचच्या आदल्या रात्री झोप न येण्याबद्दल मात्र फार काळजी नको. एका रात्रीच्या अर्धवट झोपेने सरावलेल्या शरीराची ताकद लगेच कोसळत नाही, दमल्यासारखं मात्र जास्त वाटतं. मोडते ती आठवडाभराची अपुरी झोप. त्यामुळे रात्री अकराला "झोप बघू, उद्या मॅच आहे" म्हणून दटावण्यापेक्षा त्याच्या आधीचे पाच-सहा दिवस मोबाईल लवकर बाजूला ठेवायला लावा.

मग करायचं काय?

श्वासापासून सुरू करा कारण ते लगेच जमतं. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगात चालतं आणि बाहेर सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे मंदावतं, म्हणून सोडायचा श्वास लांबवायचा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोन पॉइंटच्या मध्ये एक-दोनदा. याने धडधड गायब होत नाही, थोडी उतरते आणि मुख्य म्हणजे मुंग्या-चक्कर येत नाही. घरी शांतपणे रोज केलं असेल तरच मॅचला आठवतं.

धडधडीला नाव काय देता यानेही फरक पडतो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली दाखवलं की गाणं म्हणायच्या, भाषण करायच्या आधी "मी शांत आहे" असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा "मला भारी उत्साह आलाय" म्हणणाऱ्यांनी काम चांगलं केलं. खेळाचा प्रयोग नव्हता तो, पण कारण सरळ आहे, धडधडत्या छातीला शांत म्हणणं खोटं वाटतं, उत्साह म्हणणं पटतं कारण दोन्हींत अंगात होतं तेच होतं. मुलीने "आई मला भीती वाटतेय" म्हटलं तर "काही नाही होत गं" म्हणून उडवून लावू नका, "अंग तयार झालंय तुझं" म्हणा, ते खरंही आहे.

तिसरी गोष्ट रुटीन. सर्व्हिसच्या आधी शटलची पिसं एकदा सारखी करायची, एक श्वास सोडायचा, जिथे टाकायचं तिथे बघायचं, मग सर्व्हिस. प्रत्येक वेळी तेच, ०-०ला पण आणि १९-१९ला पण. याचा फायदा असा की लक्षाला एक ठरलेलं काम मिळतं, ते बाबांकडेही पळत नाही आणि मनगटावरही बसत नाही. नजरेवर कॅनडाच्या जोन विकर्स यांनी बरंच काम केलंय, बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो चांगला मारणारे खेळाडू टाकायच्या आधी नजर रिंगवर जास्त वेळ स्थिर ठेवतात, आणि हे शिकवता येतं.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी आणि आपल्याकडे सगळ्यात कमी होणारी गोष्ट म्हणजे प्रॅक्टिसमध्येच थोडं टेन्शन आणणं. नेदरलँड्समध्ये एका प्रयोगात लोकांना चक्क क्लाइंबिंगच्या भिंतीवर उंचावर उभं करून डार्ट फेकायला लावलं होतं. ज्यांनी सराव थोड्या भीतीत केला त्यांचा नेम नंतर जास्त भीतीतही टिकला, ज्यांनी जमिनीवर आरामात सराव केला त्यांचा बिघडला. तेव्हा गेम १९-१९पासूनच सुरू करा. कबड्डीत चढाईपटूला दोन रिकाम्या चढायांनंतरचीच चढाई द्या, म्हणजे पॉइंट आणलाच पाहिजे अशी, ३० सेकंद लावून, बाहेर दुसऱ्या बॅचची पोरं बसवून, हरणाऱ्या बाजूने कोर्ट झाडायचं असं ठरवून. थोडं लटकं वाटेल, तरी चालतं, फक्त त्यात अपमान नको, शिवीगाळ नको. घाबरवणं आणि दबावाची सवय लावणं यात फार फरक आहे.

पालकांसाठी एवढंच की पॉइंट गेल्यावर पोर वर गॅलरीत बघतं तेव्हा तुमचा चेहरा बघतं. आणि मॅच हरल्यावर स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला सिग्नलला थांबल्या थांबल्या "तो सोपा पॉइंट कसा काय सोडलास" विचारू नका. भूक लागली का विचारा. खेळाबद्दल त्याला बोलायचं असेल तेव्हा तोच बोलेल, बहुतेक दुसऱ्या दिवशी.

आणि कधी कधी हे सगळं पुरत नाही. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिम्पिकच्या टीम फायनलमध्ये व्हॉल्टवर हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भानच हरवून बसली, अडीच फिरक्या घ्यायच्या तिथे दीडच झाली, आणि तिने तिथेच माघार घेतली. डोक्यावर पडायचा धोका होता, तेव्हा थांबणं हाच शहाणपणा होता. ती पॅरिसला परत आली आणि तीन गोल्ड घेऊन गेली. आपल्या मुलाच्या बाबतीत बघायचं ते हे की खेळ नसलेल्या दिवशीही झोप लागत नाही का, जेवण कमी झालंय का, सकाळी किट भरताना उलट्या होतात का, मैदानावर जायचं नाव काढलं की पोट दुखतं का, आणि हे दोन-तीन आठवडे टिकलंय का. तसं असेल तर कोचच्या नाही, डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या दारात जायला हवं. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट चालते, मराठीत बोलता येतं.

औषध लागलं तर लागू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त डॉक्टरांना मूल कुठला खेळ खेळतं ते पहिल्या भेटीतच सांगा. थरथर आणि धडधड कमी करायला प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधं बऱ्याचदा देतात, आणि नेमबाजी व तिरंदाजीत त्यांच्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे, कारण हात स्थिर राहिल्याने सरळ फायदा मिळतो. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू या नेमबाजाची दोन्ही पदकं याच औषधामुळे काढून घेतली होती. दुसरी औषधं आहेत, दुसरे उपाय आहेत, डॉक्टर बदलून देतात, त्यांना माहीत असायला हवं एवढंच.